पूर्वेकडचे पाच खांब

१

सिमेंटचं रजिस्टर कपाटात नव्हतं.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. सळ्यांचं, वाळू-खडीचं, हजेरीचं, पाण्याच्या टँकरचं, अशी आठ रजिस्टरं ओळीत उभी होती आणि मधेच एक फट, दात पडल्यासारखी. कुलूप शाबूत होतं. ज्यानं रजिस्टर नेलं त्यानं कपाट किल्लीनं उघडलं होतं आणि परत नीट लावूनही ठेवलं होतं.

इस्पितळाच्या नव्या प्रसूती विभागाचं बांधकाम सात महिने रखडलेलं होतं. जुन्या वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन बाळंतिणी झोपत होत्या. इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी शेवटी कंटाळून बाहेरच्या माणसाला बोलावलं. हे बाहेरचं माणूस म्हणजे साठीच्या एक निवृत्त इंजिनियर बाई. पस्तीस वर्षं त्यांनी पुलांची आणि कारखान्यांची वेळापत्रकं बांधली होती. कुठंही गेल्या की काखेत कोऱ्या कॅलेंडरची मोठी गुंडाळी असायची, एका दिवसाला एक चौकोन. त्यामुळे पाठीमागं लोक त्यांना कॅलेंडरबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

उशीर नेमका कशामुळे झाला आणि कोणामुळे, एवढं त्यांना शोधायचं होतं. पहिल्याच सकाळी त्यांनी रजिस्टरं मागितली आणि पहिल्याच सकाळी एक गायब निघालं.

स्टोअर सांभाळणारे गृहस्थ कपाटापुढं उभे होते. सत्तावन्न-अठ्ठावन्नचे, किडकिडीत, कानाला पेन्सिल. कंत्राटदारापासून रखवालदारापर्यंत सगळी साइट त्यांना मामा म्हणायची. काल संध्याकाळी पाचला आपण स्वतः कुलूप लावलं, असं ते म्हणाले. एक किल्ली त्यांच्या कमरेला होती. दुसरी ऑफिसातल्या खिळ्याला लटकलेली असायची. ती कोणीही घ्यावी.

कंत्राटदार आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. एका वहीपायी एवढा गाजावाजा कशाला, असं त्याचं म्हणणं. उद्या सकाळी नऊला पूर्वेकडच्या भागाचा दुसरा स्लॅब, म्हणजे वरच्या मजल्याचं छत, भरायला घ्यायचा होता. माणसं ठरली होती, मिक्सर आले होते. आता त्याला कसलीच कटकट नको होती.

"वही हरवली असेल हो कुठंतरी," तो म्हणाला. "सापडेल."

"नवांपैकी नेमकी एकच वही हरवत नाही," कॅलेंडरबाई म्हणाल्या. "ती कोणीतरी नेतं."

२

दुपारपर्यंत त्यांनी एकेकाला पत्र्याच्या ऑफिसात बसवून बोलतं केलं.

कंत्राटदारानं सगळं खापर पावसावर आणि आर्किटेक्टवर फोडलं. नकाशे दोनदा बदलले, मग काम कसं पुढं जाणार? शिवाय मजूर. आज आहेत, उद्या नाहीत. आपण रोज ओरडतो म्हणून निदान एवढं तरी उभं राहिलं, असं त्यानं छाती ठोकून सांगितलं.

आर्किटेक्ट सारखा रुमालानं मान पुसत होता. नकाशे बदलले, पण डॉक्टरीणबाईंनीच शस्त्रक्रियेची खोली मोठी मागितली म्हणून. सुधारलेला कागद आपण वेळेवर पाठवला होता. तो साइटवर महिनाभर कुणाला सापडला नाही, यात आपला काय दोष? मग बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं की काल संध्याकाळी सहा वाजता तुम्ही इथं काय करत होतात, कारण रखवालदारानं तुम्हाला ऑफिसातून बाहेर पडताना पाहिलंय. आर्किटेक्टचा रुमाल थांबला. आपला जुना नकाशा परत न्यायला आलो होतो, असं तो म्हणाला. जुन्या नकाशात जिन्याची चूक होती आणि ती बाईंच्या नजरेला पडू नये असं त्याला वाटत होतं. हे सांगताना तो इतका लाजला की खरं असावं असं वाटलं. पण लाज खोटीही वठवता येते.

साइट इंजिनियर तिशीतला, शर्टाची घडीही न मोडलेला. प्रत्येक प्रश्नाला तो पाठ केल्यासारखं उत्तर देई. एकदा सळ्यांचा ट्रक फाटकावरून परत गेला, कारण चिठ्ठीवरचं माप चुकलं होतं. एकदा पाण्याचा पंप बिघडला आणि त्याचा सुटा भाग यायला तीन आठवडे लागले. एकदा सुतार आलेच नाहीत, त्यांना कोणीतरी पंधरा दिवस काम नाही असा निरोप दिला होता. एकदा तपासणीच्या परवानगीचं पत्र भलत्याच फायलीत गेलं.

"निरोप कोणी दिला?" बाईंनी विचारलं.

"कळलं नाही. मी सगळ्यांना विचारलं. स्टोअरकीपरनाही विचारलं."

बाईंनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि वहीत एक शब्द लिहून त्याखाली रेघ मारली.

प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडं होतं. तसं बघितलं तर यात नवल काहीच नव्हतं. पाऊस, बदललेले नकाशे, न आलेला माल, बिघडलेलं यंत्र, गेलेले मजूर, अडकलेली परवानगी. जगातलं कुठलंही बांधकाम याच कारणांनी रखडतं. बाईंनी ही यादी पस्तीस वर्षांत शंभरदा लिहिली होती. म्हणूनच त्यांना ती खटकली. ती फारच नमुनेदार होती.

३

चार वाजता त्यांनी ऑफिसच्या टेबलावर कॅलेंडर पसरलं. पश्चिमेकडच्या भागाच्या कामाला निळी पेन्सिल, पूर्वेकडच्या भागाला लाल. जिथं काम थांबलं तिथं काळी फुली.

अर्ध्या तासानं त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

निळ्या भागात पावसाचे नऊ दिवस सोडले तर एकही फुली नव्हती. दोन्ही भागांत तोच कंत्राटदार, तेच मजूर, तोच पंप. तरी पश्चिमेचे दोन्ही स्लॅब वेळेत झाले होते. पूर्वेकडंही तळमजल्याचे खांब आणि पहिला स्लॅब सुरळीत झाला होता. आणि त्यानंतर पाच अडथळे, पाचही वेगळ्या जातीचे, आणि पाचही दुसऱ्या स्लॅबच्या ठरलेल्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी.

नशीब खोटं असतं, पण इतकं वक्तशीर नसतं. संकटं पत्ता विचारून येत नाहीत. हा उशीर झालेला नव्हता. तो कोणीतरी केला होता.

का? पूर्वेच्या दुसऱ्या स्लॅबमुळे कोणाचं काय बिघडणार होतं? त्या वजनाखाली काय येणार होतं?

बाई उठल्या आणि पूर्वेकडच्या तळमजल्यावर गेल्या. वर पहिल्या स्लॅबची सावली होती. तिथं बारा खांब, अजून गिलावा न केलेले. पाच-सहा मजूर एका खांबाला टेकून पाणी पीत होते. बाई एकेका खांबापाशी थांबत गेल्या. अकराव्या खांबावर, छातीच्या उंचीला, रुपयाएवढा एक गोल डाग होता. भोक पाडून परत बुजवलेलं, वरून बोटानं गुळगुळीत केलेलं. ज्या खांबावर पुढं गिलावा चढणारच आहे, त्यावरचं भोक इतक्या मायेनं कोण बुजवतं?

तेवढ्यात त्यांना मामा दिसले. ते हातात चिठ्ठ्या घेऊन स्टोअरकडून ऑफिसकडं निघाले होते. सगळी माणसं या सावलीतून सरळ जात होती, कारण तीच जवळची कोरडी वाट होती. मामा मात्र पायजमा वर धरून बाहेरच्या चिखलातून, पूर्ण इमारतीला वळसा घालून गेले. येतानाही तसेच आले.

खांबाला टेकलेल्या मजुरांकडं बाईंनी पाहिलं, मग घड्याळाकडं. नऊ वाजायला सोळा तास उरले होते.

४

त्यांनी आधी त्या मजुरांना तिथून उठवलं. मग कंत्राटदाराला गाठून उद्याचं काम थांबवायला सांगितलं. तो हसला. पुरावा काय? एक डाग आणि चिखलात मळलेला पायजमा? ठोकळे बघा म्हणाला. खांब भरताना त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे काढून प्रयोगशाळेत चिरडून पाहतात. ते ठोकळे उत्तम उतरले होते. कागद होता, सही होती. डॉक्टरीणबाईही कातावल्या. उशीर शोधायला आणलेली बाईच उशीर करायला सांगतेय, असं त्या फोनवर म्हणाल्या. काही ठोस हाती आलं तर नऊच्या आत सांगा.

मग बाईंनी मामांना बोलावलं. या पाचही भानगडी तुमच्या हाताखालून गेलेल्या आहेत, असं त्यांनी सरळच सांगितलं. नकाशे स्टोअरमध्ये उतरतात. सळ्यांच्या मापाची चिठ्ठी तिथून जाते. पंपाचा सुटा भाग तिथून मागवतात. सुतार हत्यारं तिथंच ठेवतात. टपालही तिथंच येतं.

मामांनी आधी कानांवर हात ठेवले. मग म्हणाले, "सगळं मी केलं असं लिहा. रजिस्टरही मीच नेलं. पण त्याला यात ओढू नका."

"कोणाला?"

"साहेबांना. इंजिनियर साहेबांना."

त्यांनी सावरून घेतलं, पण शब्द निसटला होता. दिवसभर ज्याला ते 'साहेब' म्हणत होते, तो घाबरल्या क्षणी 'तो' झाला होता.

बाईंनी वहीतलं पान उलटलं. "रजिस्टर तुम्ही नेलेलं नाही, मामा," त्या म्हणाल्या. "सात महिने ते तुमच्या ताब्यात होतं. तुम्हाला ते नाहीसं करायचं असतं तर कधीच केलं असतं. पान फाडलं असतं, चहा सांडला असता. ज्याला त्यात काय आहे ते कालच कळलं, त्यानं ते काल नेलं."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. रजिस्टर कोणी नेलं हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं आणि आत्ता, या क्षणी, ते त्यांच्या लक्षात आलं होतं. ते उठले आणि निघून गेले.

५

सकाळी साडेआठला मिक्सर सुरू झाले. मजूर घमेली घेऊन शिडीपाशी रांगेत उभे होते. साइट इंजिनियर डोक्यावर हेल्मेट घालून वर चढायच्या बेतात होता. बाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"या साइटवर सगळे त्यांना मामा म्हणतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या दुप्पट वयाचा कंत्राटदारसुद्धा. तुम्ही एकटे स्टोअरकीपर म्हणता. काल तीनदा म्हणालात. का?"

त्यानं हेल्मेटचा पट्टा आवळला.

"जो शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे, तो एकच माणूस टाळतो. कारण बाकीच्यांचा तो उगाच म्हणायचा मामा आहे. तुमचा खरा आहे."

त्यानं वर स्लॅबकडं पाहिलं. कंत्राटदार एका कामावर नातेवाईक ठेवत नसे, म्हणून दोघांनी नातं लपवलं होतं. वडील गेल्यावर मामांनीच त्याला आपल्या घरी ठेवून शिकवलं होतं. हे त्यानं नंतर सांगितलं. तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, "आत्ता कंत्राटदार स्लॅबवर लोक चढवतील."

"म्हणूनच विचारतेय. रजिस्टर कुठंय?"

वर कोणीतरी पहिलं घमेलं मागितलं. तशी तो पळत आपल्या स्कूटरपाशी गेला, डिकी उघडली आणि पिशवीत गुंडाळलेलं रजिस्टर आणून बाईंच्या हातात दिलं. पान त्यानंच उघडून दिलं.

खांब भरले त्या दिवसाचं पान. मामांच्या टपोऱ्या अक्षरात दोन ओळी. सकाळी: नवा साठा, पंचेचाळीस पोती. दुपारी: जुना साठा, बत्तीस पोती.

जुना साठा म्हणजे दोन पावसाळे खाऊन गोठलेलं सिमेंट. ते टाकून द्यायला कोपऱ्यात रचून ठेवलं होतं. त्या दिवशी सात खांब भरल्यावर नवी पोती संपली. कंत्राटदार स्टोअरच्या दारात उभा राहून बाराच्या बारा खांब आजच झाले पाहिजेत म्हणून ओरडत होता. मामांनी गडबडीत हाताशी होती ती पोती काढून दिली आणि सवयीनं खरं तेच लिहिलं. ठोकळे सकाळच्या काँक्रीटचे होते, म्हणून ते पास झाले. दुपारी इंजिनियरनं काँक्रीट तपासायचं होतं, पण तो परवानगीच्या कचेरीत गेला होता. संध्याकाळी आल्यावर त्यानं बाराही खांबांपुढं 'तपासले' म्हणून सही ठोकली होती.

परवा, बाई येणार म्हणून तो कागद लावायला बसला, तेव्हा त्याला ही ओळ दिसली. मामांची चूक आणि आपली खोटी सही, दोन्ही एकाच पानावर.

"लोक खाली उतरवा," बाई म्हणाल्या. "आधी लोक."

६

इंजिनियरनं स्वतः शिट्टी वाजवली. माणसं उतरली. कंत्राटदार तणतणत आला, रजिस्टर वाचलं, आणि म्हणाला की सिमेंट जुनं होतं म्हणजे खांब कच्चे आहेत असं काही नाही. मग त्यानं एका गवंड्याच्या हातून छिन्नी-हातोडा घेतला आणि अकराव्या खांबावर घाव घातला. सातव्या खांबावर असा घाव घातला असता तर ठिणगी उडाली असती. इथं भुगा पडला. दुसऱ्या घावाला त्याच्या बुटावर वाळूचा ढीग झाला. तिसरा घाव त्यानं घातला नाही. छिन्नी खाली ठेवून तो मागं सरकला आणि हळू आवाजात सगळ्यांना फाटकाबाहेर जायला सांगितलं. त्याचा हळू आवाज साइटवर कोणी पहिल्यांदाच ऐकला.

तासाभरात पहिल्या स्लॅबखाली लोखंडी टेकू लागले. डॉक्टरीणबाई आल्या, तो वाळूचा ढीग बघून खुर्ची मागून बसल्या. या मजल्यावर त्या तीस खाटा टाकणार होत्या.

मामांनी मग काहीच लपवलं नाही. नळवाल्यानं अकराव्या खांबाला कडी ठोकायला भोक पाडलं आणि आतून पीठ गळलं, तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडून तारीख ताडून पाहिली होती. भोक त्यांनीच बुजवलं. बोलावं तर भाच्याची सही पुढं येणार, त्याचा परवाना जाणार. न बोलावं तर वर स्लॅब चढणार. म्हणून ते दर वेळी काहीतरी अडवत राहिले. एकदा सांगू, पुढच्या वेळी सांगू, असं करत सात महिने गेले.

"मी वजन चढू दिलं नाही, बाई," ते म्हणाले. "एवढं तरी केलं."

डॉक्टरीणबाईंना त्यांची दया आली असावी. कॅलेंडरबाईंना आली नाही असं नाही. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही सात महिने चिखलातून चालत होतात, मामा. तुम्हाला माहीत होतं. ती माणसं सावलीत बसत होती. त्यांना माहीत नव्हतं."

भाचा मामांच्या शेजारी उभा होता. आपल्या सहीबद्दलचा कबुलीजबाब त्यानं तिथंच, उभ्या उभ्या लिहून दिला. त्यातलं एकही वाक्य त्यानं मामांवर ढकललं नाही. पुढं त्याचा परवाना दोन वर्षांसाठी गेला आणि मामांची नोकरी त्याच आठवड्यात गेली. कंत्राटदारानं स्टोअरच्या दारातल्या ओरडण्याचा विषय निघू नये म्हणून बरीच धडपड केली. पण बाईंच्या अहवालात उशिराचं पहिलं कारण तेच लिहिलं होतं: एका दिवसाची घाई. पाचही अडथळे त्यानंतर, तारखांसकट, करणाऱ्याच्या नावासकट.

हे सगळं पुढचं. त्या सकाळी मामांनी एकच गोष्ट मागितली. फाटकाबाहेर बसलेल्या मजुरांना आपणच सांगू द्या, म्हणाले.

बाई त्यांच्याबरोबर गेल्या. चाळीसेक माणसं रस्त्याच्या कडेला घमेली उपडी घालून बसली होती. मामांनी काही न वगळता सांगितलं. खांब कच्चे आहेत, मला माहीत होतं, मी बोललो नाही. कोणी शिवी दिली नाही, कोणी उठलं नाही. एका गवंड्यानं तेवढी मान दुसरीकडं फिरवली.

मग मागं बसलेली एक मजूर बाई उभी राहिली. तिचं तान्हं पोर खांद्यावर झोपलं होतं. कालपर्यंत त्याची झोळी पूर्वेच्या तळमजल्यावर, दोन खांबांच्या मधे बांधलेली असायची. ती मामांकडं बराच वेळ पाहत राहिली. मामांनी मान खाली घातली.

पण तिनं त्यांना काहीच विचारलं नाही. ती कॅलेंडरबाईंकडं वळली.

"आता काम किती दिवस बंद राहणार?"

हा प्रश्न बाईंना आयुष्यभर मालकांनी विचारला होता, मंत्र्यांनी विचारला होता, आणि दर वेळी त्यांच्या जिभेवर उत्तर तयार असायचं. आज त्यांनी रस्त्यावरच गुंडाळी उलगडली, गुडघ्यावर धरली आणि एकेक चौकोन बोटानं मोजत गेल्या. टेकू, तपासणी, पाच खांब फोडणं, नवे भरणं, ते पक्के होईपर्यंत थांबणं. ती मजूर बाई पोराला थोपटत शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या बोटाकडं बघू लागली.

"स्लॅबला अडीच महिने," शेवटी कॅलेंडरबाई म्हणाल्या. "पण टेकू पक्के झाले की पश्चिमेचा गिलावा सुरू करता येईल. सोमवारपासून. तुम्ही किती जणी आहात?"

"आठ."

बाईंनी सोमवारच्या चौकोनात आठ लिहिलं.